पोरगा म्हणून घरात घेतला, पण कागद कुठला केला? ('द ब्लाइंड साइड' बघून पडलेला प्रश्न)

पेठेतला_गोलकी

मंडळी, आमच्याकडं चौदा वर्षांखालच्या पोरांची टीम हाय. पावसात ग्राउंडचा पार चिखल झालाय, प्रॅक्टिस बंद, पोरं नुसती मोबाईल घेऊन बसालेत, म्हणून म्हटलं एखादा खेळाचा पिक्चर दाखवू. तालमीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून 'द ब्लाइंड साइड' दाखवला, २००९ चा, खऱ्या गोष्टीवरचा, सँड्रा बुलकला ऑस्कर मिळालेला तो. त्यातला फुटबॉल अमेरिकन, त्यामुळं पहिली दहा मिनिटं 'सर हे हातानं का खेळालेत' ह्यातच गेली.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत टेनेसी राज्यातलं मेंफिस गाव, मायकेल ओहर नावाचा काळा पोरगा, बारा भावंडातला एक, आई नशेत, बापाचा पत्ता नाही, सरकार पोरं सांभाळायला ठेवतं ती फॉस्टर घरं आणि कुणाच्या तरी सोफ्यावर झोपत वाढलेला, अंगानं हा एवढा धिप्पाड. एक श्रीमंत गोरं कुटुंब, ट्यूही म्हणून, त्याला थंडीपावसात रस्त्यानं चाललेला बघून गाडीत घेतंय, घरात ठेवतंय, शिकवणी लावतंय, पोरगा म्हणतंय आणि तो पुढं कॉलेज, मग एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची सगळ्यात मोठी लीग. खोली दाखवल्यावर तो म्हणतो की आपल्याला आजवर कधी पलंगच नव्हता, तिथं आमची दंगेखोर पोरं पण गप झाली, एक-दोघांनी नाक पुसलं, मी बघितलं नाही असं दाखवलं.

पिक्चर संपला, टाळ्या झाल्या, आणि आमचा राइट बॅक, आठवीतला, मोबाईलमध्ये बघून म्हणतो, सर ह्यानं तर त्यांच्यावर केस टाकलीय.

आणि टाकलीय हे खरंच हाय. ऑगस्ट २०२३ मध्ये ओहरनं कोर्टात सांगितलं की मला ह्यांनी दत्तक कधी घेतलंच नव्हतं. २००४ साली, अठरा पूर्ण झाल्यावर, त्याच्याकडनं सही घेतली ती कन्झर्व्हेटरशिपच्या कागदावर, म्हणजे त्याच्या नावानं करार करायचा अधिकार त्यांच्याकडं. वर त्याचं म्हणणं असं की पिक्चरचा पैसा घरच्यांना मिळाला आणि माझ्याच गोष्टीचा मला नाही. कुटुंब म्हणतंय जे मिळालं ते सगळ्यांत सारखं वाटलंय, हा पैसे उकळायचा डाव हाय. सप्टेंबर संपता संपता जजबाईंनी ती कन्झर्व्हेटरशिप मोडून टाकली. पैशाचं भांडण मात्र वेगळं राहिलं.

आता पोरं विचारालेत, सर मग पिक्चर खोटा काय? मला एका वाक्यात उत्तर देता येईना. तुम्ही काय सांगाल?

मृणाल_साळोखेनगर

दादा, मी हा पिक्चर कितीदा बघितलाय आणि दरवेळी रडलेय, त्यामुळं मी आधीच सांगते, मी त्या बाईच्या बाजूनं आहे. लोक बाहेर बसून बोलतात हो. कोण आणतं ओ घरात असं परकं पोरगं, तेही घरात वयात आलेली मुलगी असताना? आपल्याकडं भाड्यानं खोली द्यायची तरी आधी आडनाव विचारतात. तिनं आणलं, जेवू घातलं, शाळेत भांडली. वीस वर्षांनी वकील काय म्हणतात त्यावरनं तिनं त्या रात्री गाडी थांबवली ते खोटं होतं का? आणि कोर्टातला वाद म्हणजे दोन्ही बाजू आपापलं बोलणारच.

डॅलसचा_कोल्हापूरकर

मी इथं टेक्सासमध्ये राहतो, हायस्कूल फुटबॉल म्हणजे काय वेड असतं ते रोज बघतो, शुक्रवारी रात्री अख्खं गाव स्टेडियमला. म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, 'ब्लाइंड साइड' ह्या नावाचा अर्थ पोरांना नीट सांगा, त्याशिवाय ओहरची किंमत का होती ते कळत नाही. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, तो उजव्या हाताचा असला की बॉल फेकायला वळताना त्याची पाठ डाव्या बाजूला होते, तिकडनं कोण येतंय ते त्याला दिसत नाही. ती बाजू राखायची ती लेफ्ट टॅकलनं. नोव्हेंबर १९८५ मध्ये वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन ह्याला लॉरेन्स टेलरनं पाडलं आणि पायाचं हाड मोडलं, लाइव्ह टीव्हीवर, त्याचं करिअर तिथंच संपलं. त्यानंतर ह्या जागेचा भाव चढत गेला. धिप्पाड पण पायानं चपळ माणूस लागतो आणि तसली पोरं फार कमी जन्मतात. म्हणजे मायकेल दिसला तेव्हा लोकांना नुसता बेघर पोरगा दिसत नव्हता, बऱ्याच कोचना त्याच्यात लेफ्ट टॅकल दिसत होता.

दुसरी, नवरा-बायको दोघंही मिसिसिपी युनिव्हर्सिटीचे, 'ओल मिस' म्हणतात तिला, नवरा तिथं बास्केटबॉल खेळलेला. आणि पोरगा पण शेवटी ओल मिसलाच गेला. इथल्या कॉलेज स्पोर्टचे तेव्हाचे नियम असे होते की कॉलेजच्या पाठीराख्यांनी खेळाडूला पैसे, कपडे, गाडी द्यायची नाही, पण घरचे असतील तर चालायचं. चौकशी पण झाली होती, पिक्चरमध्ये ती बाई येते ना प्रश्न विचारायला, ते त्यातलंच. 'घरचा' ठरण्यात कुणाकुणाचं काय काय अडकलं होतं ते ह्यावरनं बघा. मी म्हणत नाही की त्यांनी त्यासाठीच केलं. पण पिक्चर हा प्रश्न विचारतो आणि दोन मिनिटांत मिठी मारून मिटवून टाकतो.

मृणाल_साळोखेनगर

माणूस चांगलं पण करतो आणि त्यात स्वतःचा फायदा पण असतो, दोन्ही एकदम होऊ शकतं की. आपल्या घरातली लग्नं कशी जुळतात बघा.

डॅलसचा_कोल्हापूरकर

हे मात्र मान्य ताई 😄

बिंदू_चौकातला_वकील

दत्तकाचा मुद्दा निघाला आहे म्हणून. कुटुंबाचं म्हणणं होतं की पोरगा अठराच्या वर गेला म्हणून दत्तक घेता येत नाही असं आम्हाला सांगितलं गेलं. परंतु टेनेसीत सज्ञान माणसालाही दत्तक घेता येतं. आपल्याकडं उलट आहे, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात मुलगा पंधरा पूर्ण झालेला नसावा, रूढी असेल तर गोष्ट वेगळी.

आणि कन्झर्व्हेटरशिप ही मुळात ज्याला स्वतःचे व्यवहार स्वतःला बघता येत नाहीत अशा माणसासाठी असते, आजारपण किंवा अपंगत्व असेल तर. हा गडी शिकत होता, खेळत होता. ती मोडताना जजबाईंनीच म्हटलं की अपंगत्व नसलेल्या माणसावर अशी व्यवस्था त्यांनी इतक्या वर्षांच्या कामात पाहिली नव्हती.

फरक काय पडतो? दत्तक पोराला घरात हक्क मिळतो. कन्झर्व्हेटरशिपमध्ये पोराचे हक्क दुसऱ्याच्या हातात जातात. एकाच घरात, एकाच टेबलावर बसून सही केली तरी कागदाची दिशा उलटी. कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायची गरज नसावी. शाहू महाराज स्वतः कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ साली दहाव्या वर्षी दत्तक आले आणि दत्तक झाले म्हणजे छत्रपती झाले. 'मुलासारखे' नव्हते झाले.

जुना_लेफ्टआऊट

गोलकी मास्तर, पोरांना खाशाबाची गोष्ट सांगा की, मेंफिसला कशाला जाताय.

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा, शिकला आपल्या राजाराम कॉलेजात. १९४८ ला लंडनला गेला तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी पैशे दिले, सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैशाची बोंब, गावानं वर्गणी काढली, तरी पुरंना. तेव्हा कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर सरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. बावन्न सालचे सात हजार, कल्पना करा. आणि गड्यानं बँटमवेटमध्ये ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक मेडल. पुढचं यायला १९९६ उजाडलं, पेसचं.

आता ऐका मुद्दा. आल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक झाली, ते सगळे सांगतात. पण खाशाबानं नंतर कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः खेळला आणि त्या पैशातनं सरांचं घर सोडवून दिलं. म्हणजे सरांनी दिले, ह्यानं फेडले, दोघांची मान ताठ. सरांनी कुठं म्हटलं नाही की मी घडवला, खाशाबाला कुठं कोर्टात जावं लागलं नाही. आन् उद्या कुणी ह्याच्यावर पिक्चर काढून सरांनाच हिरो केलं तर सरांनाच ते आवडलं नसतं, हे माझं मत. त्या पिक्चरात बघा, पोस्टरवर नाव कुणाचं मोठं हाय? बाईचं काम केलेल्या सँड्रा बुलकचं.

पेठेतला_गोलकी

काका, नाद खुळा. हे मला सुचायला पाहिजे होतं, रोज त्या रस्त्यानं जातोय.

आणि पोस्टरवरनं आठवलं. एक सीन हाय, प्रॅक्टिसला मायकेलला कळंना काय करायचं, मग ही बाई हिल घालून ग्राउंडमध्ये शिरते आणि त्याला सांगते की टीम म्हणजे तुझं कुटुंब समज, त्यांना राख. आणि मग ह्याला खेळ समजतो. आमच्या पोरांना हा सीन लई आवडला. पण ओहरचा राग नेमका ह्यावरच हाय, आणि केसच्या कितीतरी आधीपासनं हाय. त्यानं स्वतःच्या पुस्तकात, २०११ ला, लिहिलंय की मला खेळ लहानपणापासनं कळत होता, पिक्चरनं मला मठ्ठ दाखवला. कोच म्हणून सांगतो, कुठल्याही प्लेअरला यापेक्षा मोठी शिवी नाही. गरीब म्हणा, बेघर म्हणा, सहन करंल, पण ह्याला गेम कळत नव्हता म्हणाला की संपलं. नंतर एनएफएलमध्ये टीमवाले त्याच्याकडं त्याच पिक्चरच्या नजरेनं बघायचे असं त्याला वाटायचं. हा माणूस २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमवाले नवे प्लेअर निवडतात त्यात, पहिल्या राउंडला, तेविसाव्या नंबरला घेतलेला, बाल्टिमोरकडनं सुपर बोल, म्हणजे एनएफएलची फायनल, जिंकलेला.

शाहू_स्टेडियम_कट्टा

मेंफिस झालं, खाशाबा झाला. आता जरा आपल्या स्टेडियमवर येऊ का, राग मानू नका.

आपल्या लीगला गेली काही वर्षं तालीम संघ बाहेरचे प्लेअर आणतात, त्यात आफ्रिकेतली पोरं पण असतात. मी सीझनभर कट्ट्यावर असतोय. गोल मारला की 'भावा भावा', खांद्यावर घेऊन नाचतात, सेल्फी, पेठेत चहाचे पैसे कोण घेत नाही. आणि पुढच्या मॅचला त्यानंच ओपन गोल घालवला की मागनं काय आवाज येतात ते मी हितं लिहीत नाही. माकडाचे आवाज काढलेले मी माझ्या कानानं ऐकलेत, कुठल्या संघाचे लोक ते सांगत नाही, उगाच पेठापेठांत पेटायचं. आणि काढणारी पोरं कोण, तर आठवी-नववीतली, म्हणजे मास्तर तुमच्याच वयोगटातली.

ईर्षा_फक्त_मैदानात

कट्टा, जरा जास्तच होतंय. कोल्हापूरनं सगळ्यांना घेतलंय. महाराजांनी पंजाबचे पैलवान आणून ठेवले, त्यातले कितीतरी मुसलमान, तालमीत सगळे एकत्र राहिले. खासबागला कुस्ती बघायला येणारा जात बघत नाही, डाव बघतो. मूठभर पोरांवरनं गावाला नावं ठेवू नका. आणि शिव्या तर आपण आपल्या पोराला पण घालतोय की मॅचमध्ये, त्यात काय काळागोरा नसतो.

शाहू_स्टेडियम_कट्टा

भावा, आपल्या पोराला 'पाय मोडला काय तुझा' म्हणतोय. त्याला त्याच्या कातडीवरनं म्हणतोय. एवढं कळतंय तुला, उगाच ताणू नको.

खानापूरकर

मी बेळगावकडचा, नेहमी वाचतो, क्वचित लिहितो. आमच्या खानापुराच्या जंगलात आणि पुढं हल्याळ, यल्लापूरला सिद्दी लोक आहेत. पूर्वज आफ्रिकेतनं आलेले, शेकडो वर्षांपूर्वी, पोर्तुगीजांच्या काळात गुलाम म्हणून वगैरे. आता कोकणी, कानडी, मराठी बोलतात, गणपती बसवणारे आहेत, मुसलमान आहेत, ख्रिश्चन आहेत. १९८७ च्या सुमारास 'साई'नं, म्हणजे केंद्र सरकारच्या क्रीडा प्राधिकरणानं, योजना काढली आणि सिद्दी पोरं निवडून होस्टेलला नेली. विचार असा की अंगातच आफ्रिका आहे म्हणजे पळणारच. काही पोरांनी नॅशनलला मेडलं पण आणली. मग काही वर्षांत योजना बंद, पोरं परत जंगलात नाहीतर मजुरीला.

मला त्या पिक्चरमध्ये तेच खटकतं. एवढं मोठं शरीर दिसलं म्हणून दार उघडलं. तोच पोरगा किडकिडीत असता आणि गणितात हुशार असता तर? आणि आमच्या सिद्दी माणसाला आजही बाजारात कुणीतरी इंग्लिशमध्ये विचारतं, कुठल्या देशाचा. हा अस्सल कानडीत उत्तर देतो आणि समोरचा हसतो, जसा काय पोपट बोलला.

मृणाल_साळोखेनगर

खानापूरकर, तुमचं वाचून गप्प बसले जरा. किडकिडीत असता तर, ह्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण तरी एक सांगते, त्या घरातल्या पोरांना तो भाऊ वाटत असेल तर ते पण खोटं का धरायचं, लहान पोरांना कुठं कळतंय कागद.

सिद्धार्थनगर_१४

थोडंच लिहितो. गंगाराम कांबळेंची गोष्ट सगळ्यांना माहीत असते पण ती नीट कोण बघत नाही. राजवाड्याच्या पागेत पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेला माणूस. महाराजांनी काय केलं? त्याला राजवाड्यात आणून 'हा आमच्या घरातला' असं म्हटलं असतं तर वाहवा झाली असती आणि गंगाराम जन्मभर उपकाराखाली राहिला असता. महाराजांनी त्याला स्वतःचं हॉटेल काढायला लावलं आणि मग स्वतः तिथं जाऊन त्याच्या हातचा चहा प्यायले. सोबतच्यांना पण पाजला. गल्ल्यावर गंगाराम, गिऱ्हाईक छत्रपती.

त्या अमेरिकन पिक्चरमध्ये सगळी माणसं त्या गोऱ्या घरात येतात. मायकेलच्या वस्तीत कॅमेरा जातो तो गुंड नाहीतर त्याची नशेतली आई दाखवायला. त्याला शाळेत घालायला घेऊन गेलेला माणूस त्याच्याच वस्तीतला होता, आधी बऱ्याच घरांनी त्याला झोपायला जागा दिली, ती घरं काळीच होती. तो माणूस पिक्चरमध्ये सुरुवातीला दिसतो, बाकीची माणसं कुठं गेली?

जुना_लेफ्टआऊट

शंभर नंबरी बोललास. आमचे वडील पण ही गोष्ट सांगायचे, पण 'महाराज किती मोठे' इथंच थांबायचे. गंगारामाच्या बाजूनं कुणी सांगितलीच नव्हती.

ईर्षा_फक्त_मैदानात

ते ठीक, पण मग आता पिक्चर दाखवायचाच नाही का पोरांना? सगळ्यात खोट काढत बसलो तर खेळाचा एक पण पिक्चर उरणार नाही. 'झुंड' घ्या, नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं, त्यात पण बच्चनच मोठा.

डॅलसचा_कोल्हापूरकर

'झुंड'मध्ये बच्चन आहे, पण पोरांची घरं, गल्ल्या, रेल्वेचे रूळ, पासपोर्ट काढताना होणारी फरफट, हे सगळं पोरांच्या बाजूनं आहे. एक पोरगा एअरपोर्टच्या सिक्युरिटीतनं पुढं सरकतो तेवढ्यात आपला जीव खालीवर होतो. मंजुळ्यांना ते जमलं कारण त्यांना ती बाजू बाहेरनं बघावी लागली नाही. ह्या हॉलीवूडवाल्यांना मेंफिस गाडीच्या काचेतनंच दिसलं. पैसा मात्र पाडला, तीस कोटी डॉलरच्या वर जगभर. बघणाऱ्याला त्या बाईच्या जागी स्वतःला बसवता येतं म्हणून चालला असं मला वाटतं, मायकेलच्या जागी बसायला फार कमी लोक तयार होते.

पेठेतला_गोलकी

बरं, काय केलं ते सांगतो. काल परत सगळ्यांना बसवलं. पिक्चर खोटा का खरा हे सांगितलंच नाही. म्हटलं, हीच गोष्ट मायकेलनं सांगितली असती तर कुठनं सुरू झाली असती? पोरं सुटली एकदम. एक म्हणाला भावंडांपासनं सुरू करायची, पोलीस आणि सरकारी बाई पोरं न्यायला आली की ती कशी पळत असतील ते. राइट बॅक म्हणाला कोर्टापासनं. आमचा एक गोलकीपर हाय, आजीकडं राहतो, कधी बोलत नाही, तो म्हणाला सर, तो पलंग मिळाला त्या रात्री त्याला झोप लागली नसणार, कारण सकाळी काय म्हणतील ते माहीत नव्हतं. मी पुढं काय बोललोच नाही, वडापाव मागवले.

खाशाबाचं पण सांगितलं. घर सोडवलं तिथं टाळी पडली, मेडलपेक्षा जोरात.

आणि कट्टा, आवाजांचा विषय पण काढला. तीन-चार माना खाली गेल्या. नावं मी विचारली नाहीत. ह्या सीझनला आमची पोरं स्टँडमध्ये एकत्र बसतील आणि मी त्यांच्यामागं बसणार, एवढंच ठरवलंय.

शाहू_स्टेडियम_कट्टा

मास्तर, बास. आता कामाचं. पाऊस उघडला की बाहेरचे प्लेअर यायला लागतील. गेल्या वर्षी एका पोराला खोली मिळता मिळंना, फोनवर हो म्हणायचे, समोर बघितला की 'पाहुणे येणार हायत'. दोघातिघांनी तर डबल भाडं सांगितलं. शेवटी तालमीतच गादी टाकून दिली. ह्या वेळी कुणाच्या बघण्यात असंल तर सांगा, स्टेडियमपासनं चालत जाण्यासारखं.

मृणाल_साळोखेनगर

आमचा मंगळवार पेठेतला जुना वाडा आहे, सासरे खाली राहतात, वरची खोली रिकामी आहे. संडास-बाथरूम वेगळं. सासऱ्यांना फुटबॉलचं वेड आहे, ते तर उड्या मारतील. जेवणाचं मात्र त्याचं त्यानं बघायचं, मी आई वगैरे व्हायला जाणार नाही 😄 आधीच्या भाडेकरूला जे भाडं होतं तेच, एक रुपया जास्त नाही.

शाहू_स्टेडियम_कट्टा

वहिनी, विषय हार्ड! मेसेज करतो.

बिंदू_चौकातला_वकील

मृणालताई, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करा, त्याच्याच नावावर, तालमीच्या नावावर नको. त्याला वाचून दाखवा आणि एक प्रत त्याच्या हातात द्या. परदेशी नागरिक असल्यानं तो राहायला आल्याचं सरकारला कळवायचा फॉर्म (आधी 'सी फॉर्म' म्हणायचे) भरावा लागतो, तो आल्यापासून चोवीस तासांत, ऑनलाइन होतो, पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो लागतील. अडलं तर फोन करा. फी नाही, फायनलचं एक तिकीट ठेवा.